आधी कुणाचं दळलं?

"काका, आधी कुणाचं दळलं?"

कित्येक वर्षं मी वेगवेगळ्या गिरण्यांच्या दारात उभी राहून हा एकच प्रश्न विचारला आहे. हातात ज्वारीचा डबा, आत पट्ट्याचा घरघराट, ओळीत ठेवलेले शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डबे. गिरणीत शिरल्यावर इतरांना ताज्या, गरम पिठाचा वास येतो. मला आधी भिंती दिसतात. भिंतींवर, दिव्याच्या तारेवर, कोपऱ्यातल्या जळमटांवर बसलेली पांढरट पिठाची साय दिसते आणि त्यात गहू किती असेल, याचा हिशेब डोक्यात सुरू होतो.

माझ्या लेकीला सीलिअ‍ॅक आहे. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी ना?" अ‍ॅलर्जी वेगळी. अ‍ॅलर्जीत अंगावर पित्त उठतं, श्वास लागतो आणि दिसायचं ते लगेच दिसतं. सीलिअ‍ॅकमध्ये शरीर स्वतःवरच उलटतं. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला ताण येतो, पोळी पातळ लाटता येते, ती त्याच्याच चिकटपणामुळे. जवात आणि राय नावाच्या धान्यात त्याची सख्खी भावंडं असतात. हे प्रथिन कुणालाच पूर्ण पचत नाही, त्याचे काही तुकडे तसेच राहतात. तुमच्या-माझ्या पोटात त्यानं काही बिघडत नाही. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती मात्र त्या तुकड्यांना शत्रू समजते आणि लढताना स्वतःचंच लहान आतडं सोलून काढते. आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं, असंख्य बारीक रसांकुरांचं. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट झाले की ताटात कितीही वाढा, अंगी काही लागत नाही. यावर आजतागायत गोळी नाही, इंजेक्शन नाही. पथ्य हाच उपचार, आणि तो जन्मभराचा.

किती कडक पथ्य, हे मला आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं. एका मध्यम पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज पन्नास मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तर तीन महिन्यांत आतड्याला इजा होते, हे 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी रुग्णांवर चाचणी घेऊन दाखवलं. मी घरी येऊन एका पोळीचे पन्नास तुकडे केले. सुरीनं नीट, ताटात रांगेनं मांडून. शेवटी जो तुकडा हातात उरला तो माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता.

तेव्हापासून गिरणी मला वेगळी दिसायला लागली.

आमच्या गल्लीतले गिरणीवाले काका भले माणूस. "ताई, मी ज्वारीवर ज्वारीच टाकतो," म्हणाले. खरं होतं ते. चांगली गिरणी हे पाळतेच, कारण ज्वारीवर गहू पडला तर पोळीची चव बिघडते म्हणून गिऱ्हाईकच ओरडतं. पण गव्हानंतरची पहिली ज्वारी कुणाची असते? जात्याच्या दगडांत, पीठ डब्यात पडतं त्या कापडी नळीत मागचं मूठभर पीठ अडकलेलंच असतं. हे मी त्यांना तीनदा समजावलं. आतडं, प्रतिकारशक्ती, मिलिग्रॅम. त्यांनी मान डोलावली, पण डोळ्यांत काही उमटलं नाही. मग मला आषाढी एकादशी आठवली. एकादशीच्या आदल्या दिवशी तेच काका गिरणी उघडून दगड ब्रशनं झाडतात, नळी झटकतात, आधी थोडी भगर दळून ती बाजूला काढतात आणि मगच उपासाचं दळण घेतात.

"काका, तिला रोजच उपास आहे असं समजा."

"असं होय!" काका म्हणाले. "मग आधी सांगायचं की. शुक्रवारी सकाळी या. गुरुवारी गिरणी बंद असते, मी सगळं झाडूनपुसून ठेवतो. पहिलं दळण तुमचं. त्यातलंही पहिलं शेरभर गाईला घाला."

पुढची पाच वर्षं, घरघंटी घेईपर्यंत, शुक्रवारचं पहिलं दळण आमचं होतं. शरीरशास्त्रानं जे झालं नाही ते उपासानं एका वाक्यात झालं. हा लेख लिहावासा वाटला त्याचं मूळ त्या वाक्यात आहे. पथ्य पाळणाऱ्याच्या निग्रहाबद्दल आपण खूप बोलतो. प्रत्यक्षात पथ्य पाळावं लागतं ते आजूबाजूच्यांना: गिरणीवाल्याला, शेजारणीला, शाळेतल्या ताईंना, कार्यातल्या आचाऱ्याला. त्यांना ते कळलं नाही तर सहा वर्षांच्या मुलीचा निग्रह कुठवर पुरणार?

*

ती तिसऱ्या वर्षापर्यंत छान वाढत होती. मग उंची थांबली. पोट पुढे आणि हातपाय काड्या. दिवसाला तीन-चारदा पातळ शौच, तोंडात फोड, आणि मुलांनी जसं असू नये तसं चिडचिडं, मलूल गप्प बसणं. जंताचं औषध झालं. लोहाचं सरबत झालं, एकदा नाही, तीनदा. हिमोग्लोबिन हलायला तयार नव्हतं. "बारकुडीच आहे, तुझ्यावर गेली," असंही ऐकून झालं.

या सगळ्या काळात आम्ही तिला काय भरवत होतो? जे आजाऱ्याला भरवतात ते. गव्हाची लापशी, रव्याची खीर, तुपातला मऊ शिरा, दुधात बुडवलेलं बिस्कीट. माझ्या सासूबाईंनी तर गव्हाचं सत्त्व केलं. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, वाळवायचा. सत्तरीच्या बाईनं गुडघे दुखत असताना पाटा-वरवंट्यावर हे केलं, कारण मिक्सरवर तिचा विश्वास नव्हता. रोज सकाळी एक वाटी सत्त्वाची खीर, वेलदोडा घालून. चीक पिळून काढताना गव्हातलं बरंचसं ग्लूटेन चोथ्याबरोबर निघून जातं, पण उरतं तेवढं पुरेसं असतं. निदान झालं त्या दिवशी सासूबाईंनी सत्त्वाची बरणी उचलली आणि मागच्या दारी जाऊन रिकामी केली. आत आल्या आणि मला म्हणाल्या, "मी माझ्या हातानं तिला घातलं गं." त्यांचं हे वाक्य मी कधीही विसरणार नाही. त्यांना त्या अपराधातून बाहेर काढायला आम्हाला वर्ष लागलं.

निदान झालं ते एका तरुण डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांनी उंचीचा आलेख पाहिला, लोहाच्या बाटल्यांचा हिशेब विचारला आणि टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली. तिचा आकडा कितीतरी पटींनी वाढलेला निघाला. मग दुर्बिणीतून आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला. त्यांनी आम्हाला एक गोष्ट बजावली होती, ती इथे मुद्दाम लिहिते, कारण अनेक घरं नेमकी इथेच चुकतात: तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. शंका आली म्हणून आधीच पोळी बंद केली तर रक्तातल्या खुणा पुसट होतात, आतडं भरून यायला लागतं आणि निदान लटकतं. आणि एकदा निदान झालं की सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं, कारण हा दोष घरात वाहतो. आम्ही दोघांनीही तपासून घेतलं.

पथ्य सुरू केल्यावर पहिला बदल आतड्यात दिसला नाही, चेहऱ्यावर दिसला. तीन आठवड्यांनी ती जिन्यावरून गाणं म्हणत उतरली. त्या वर्षात ती नऊ सेंटिमीटर वाढली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, रंगकाम करताना आम्ही ती चौकट तशीच सोडली.

*

गव्हावर संशय पहिल्यांदा कुणाचा गेला, हे मी नंतर शोधून वाचलं. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी 1888 साली या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि बरं व्हायचं असेल तर ते आहारानंच, असंही लिहून ठेवलं. कोणता आहार, हे मात्र त्यांना उमगलं नव्हतं. 1924 साली अमेरिकेत सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि मुलं सुधारली. गुण केळ्यांचा मानला गेला. खरं तर तो ताटातून गेलेल्या ब्रेडचा होता. त्यामुळे मूल बरं दिसलं की पुन्हा ब्रेड सुरू व्हायचा.

मला जवळचे वाटतात ते नेदरलँड्समधल्या हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके. 1930च्या दशकात एका आईनं त्यांना सांगितलं होतं की ब्रेड बंद केला की माझ्या मुलाला बरं वाटतं. त्यांनी ते ऐकून घेतलं, टाळलं नाही. 1941 मध्ये त्यांनी गव्हाशिवायच्या आहारावर लिहिलं. पुढे 1944-45च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीत तिथं भयंकर उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, माणसं ट्यूलिपचे कंद खाऊन जगली. त्या दिवसांनी त्यांची खात्री आणखी पक्की केली. 1950 साली उट्रेख्टच्या विद्यापीठात त्यांनी प्रबंध सादर केला आणि गव्हाचा दोष सिद्ध झाला. सुरुवात एका आईच्या निरीक्षणापासून झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे हा आजार पंजाब, हरियाणा, दिल्लीचा समजला जातो. 2011 साली दिल्ली परिसरातल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला तो सापडला. पाच वर्षांनी आणखी मोठी पाहणी आली, देशाच्या तीन भागांतल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची. रक्तात आजाराच्या खुणा सापडल्या त्या उत्तरेत शेकडा 1.23, ईशान्येत 0.87, दक्षिणेत 0.10 जणांच्या. आजाराला लागणारा जनुकीय कल तिन्हीकडे जवळपास सारखाच होता, तिघांपैकी एकात. फरक होता ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू 455 ग्रॅम, दक्षिणेत 25. नुसत्या गव्हानं ईशान्येचा आकडा उलगडत नाही, हे खरं. तरी ते आकडे वाचताना मला महाराष्ट्र मधोमध उभा दिसतो: एक पाय भाकरीत, एक पोळीत, आणि भार हळूहळू पोळीकडे झुकतो आहे.

माझं माहेर बार्शीकडचं. मालदांडी ज्वारीचा मुलूख, त्याच जिल्ह्यात मंगळवेढा, तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. माझ्या आजीच्या घरी पोळी म्हणजे सण. पुरणाची, नाहीतर पाहुणा आला तर. रोज भाकरी. आई लग्न होऊन शहरात आली तेव्हा रोज पोळी हे तिच्या लेखी वर येणं होतं. "आमच्याकडे दोन्ही वेळा पोळीच असते," हे वाक्य मी लहानपणी अभिमानानं ऐकलेलं आहे. भाकरी थापता येणं हे मी शिकलेच नाही. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, लेकीचा कागद हातात आल्यावर, आईला बोलावून शिकले. उकळत्या पाण्याची उकड, तळव्याच्या मुळानं मळणं, परातीत थापताना भाकरी फिरवत राहणं, वरून पाण्याचा हात. पहिले पंधरा दिवस भाकरीचे नकाशे झाले. आजीनं जे रोज सहज केलं तेच आता माझ्या मुलीचं औषध होतं, आणि मी ते एका पिढीत हरवून बसले होते.

*

आमचं स्वयंपाकघर आम्ही एका रविवारी रिकामं केलं. पोळपाट-लाटणं गेलं, कारण लाकडाच्या भेगांत कणीक बसते. पिठाची चाळण गेली. बिडाचा तवा मी आधी घासून वापरायचं म्हटलं, मग तोही नवा घेतला. तळणीचं तेल वेगळं. शेवटी राहिली फोडणी. मोहरी, हळद, जिरं, आणि हिंग. हिंगाच्या डबीवरचा मजकूर मी त्याआधी आयुष्यात वाचला नव्हता. बाजारात मिळतो तो बांधणी हिंग. झाडाचा मूळ चीक इतका उग्र असतो की तो डिंक आणि पिठात मिसळूनच विकतात, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं. चिमूटभर हिंगात किती गहू, असं कुणीही म्हणेल. पण ती चिमूट वरणात, आमटीत, भाजीत, चिवड्यात, लोणच्यात, ताकात पडते. रोज. जवळजवळ महिनाभर आम्ही गव्हाचा कण घरात येऊ दिला नाही असं समजत होतो आणि रोज वरणातून तिला गहू वाढत होतो. आता तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. तो मिळेपर्यंत लसणाची फोडणी.

मग यादी वाढत गेली. सातूचं पीठ. थालिपिठाची भाजणी. कुरडया. शेवया. दुधात घालायच्या पौष्टिक पावडरीतला माल्ट, जो जवाचा असतो. सोया सॉस. काही कॉर्नफ्लेक्स, नावात मका असूनही. एकादशी, चतुर्थी, नवरात्र हे मात्र तिचे हक्काचे दिवस. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, घरभर सगळे तिचंच खातात. लहानपणी ती विचारायची, "आई, उद्या सगळ्यांना उपास आहे ना?" त्या प्रश्नातला आनंद मला सोसत नसे. नुसत्या साबुदाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. म्हणून नाचणी, राजगिरा, ज्वारी, डाळी आळीपाळीनं लागतात, हेही शिकावं लागलं.

वेगळी भांडी मांडताना सासूबाईंच्या तोंडून सहज निघालं, "म्हणजे हे सोवळ्याचं." मी थबकले. शब्द चपखल होता. वेगळा तवा, वेगळी पळी, कुणी न विचारता हात लावायचा नाही. पण या शब्दानं आपल्या गावागावांत माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं आहे, वेगळ्या कपात चहा प्यायला लावला आहे. तो मला माझ्या मुलीच्या ताटाजवळ नको होता. आणि तरी शाळेत नेमकं तेच झालं. ताईंनी काळजीपोटी तिला डब्याच्या वेळी एकटीला पुढच्या बाकावर बसवायला सुरुवात केली. वर्गात मुलांनी तिच्या डब्याला हात लावायचं सोडलं. एका मुलीनं विचारलं, "तुझं लागतं का?" तिला आजार लागण्याबद्दल विचारायचं होतं. मी शाळेत जाऊन सांगितलं की तिला पंगतीत बसवा, फक्त तिच्या डब्यात दुसऱ्याची पोळी पडू देऊ नका. ती इतरांना वाटू शकते, घेऊ शकत नाही. मग आम्ही डबा मोठा केला. नाचणीचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, पंधरा जणांना पुरेल एवढी. वाटणारं मूल एकटं पडत नाही, हे मी तिथं पाहिलं.

वेगळेपणाची मोठी परीक्षा झाली ती एका सत्यनारायणाच्या पूजेत. ती आठ वर्षांची होती. गुरुजींनी कथा सांगितली: कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि त्याची नाव बुडाली. कथा संपली, द्रोणात प्रसादाचा शिरा आला. ती तो द्रोण हातात धरून बसली. खाल्ला नाही, खाली ठेवला नाही. घरी येताना गाडीत विचारलं, "बाबांची नाव बुडेल का?" तिचे बाबा तेव्हा कामानिमित्त चेन्नईला होते. मी गाडी कडेला थांबवली.

दुसऱ्या दिवशी मी त्या गुरुजींना फोन केला. त्यांनी पोथी काढून पाहिली आणि सांगितलं की प्रसादाच्या साहित्यात गव्हाचं पीठ सांगितलं आहे खरं, पण त्याच ओळीला लागून, ते नसेल तर तांदळाचं चालेल, असंही म्हटलं आहे. साखर नसेल तर गूळ. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या पोथीकारानं सोय करून ठेवली होती, आम्हीच वाचली नव्हती. पुढच्या वर्षी आमच्या घरच्या पूजेला तांदळाच्या रव्याचा शिरा झाला, सगळ्यांनाच. वसईतल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं तिच्या भाच्याची अडचण सांगितली. मिस्सेतली भाकर गव्हाचीच हवी असा चर्चचा नियम आहे. 2017 साली व्हॅटिकननं पुन्हा स्पष्ट केलं की पूर्ण ग्लूटेनविरहित भाकर ग्राह्य नाही, पण अत्यल्प ग्लूटेनची चालेल. आणि नुसता द्राक्षारस घेतला तरी तो संस्कार पूर्ण असतो. तिचा भाचा द्राक्षारस घेतो. देवांच्या बाबतीत वाट निघते, असा माझा अनुभव आहे. नातेवाइकांच्या बाबतीत जास्त वेळ लागतो.

कारण आपली माया आग्रहातून बोलते. "एवढासा घे." "एका घासानं काय होतं?" "माझ्या हातचं आहे, काही होणार नाही." यातल्या एकाही वाक्यात दुष्टावा नाही. पण नाही म्हणायचं काम दर वेळी लहान मुलीनं करायचं, आणि तेही मोठ्यांचा मान राखून. तिला मी एकच उत्तर शिकवलं होतं: "आत्या, मला आवडतं, पण मला चालत नाही." काही घरांत ती हे वाक्य एका जेवणात चारदा बोलली आहे.

*

तपासणीसाठी आम्ही दर सहा महिन्यांनी जातो त्या रुग्णालयाच्या बाकावर मला एकदा लातूरकडची एक बाई भेटली. शेतमजूर, सोबत नऊ वर्षांचा मुलगा. तिला पथ्याचा कागद पाठ होता. अडचण पाठांतराची नव्हती. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो धान्य मिळतं, आता ते मोफतही आहे, पण तिच्या दुकानात बहुतेक महिने येतो तो गहू आणि तांदूळ. 2013च्या त्या कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे, म्हणजे ज्वारी-बाजरीला कागदावर जागा आहे. तिच्या पिशवीत ती येत नाही. ती गहू विकते आणि ज्वारी विकत घेते. "चार किलो देते तवा दोन किलो येती, ताई," ती म्हणाली. ज्वारीच्याच मुलखात, ज्वारी काढणाऱ्या बाईला. घरात बाकीच्यांना गव्हाची चपाती आणि पोराला भाकरी. तवा एकच. मी तिला दुसऱ्या तव्याबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. मग तिनंच विचारलं, "आधी त्याची भाकरी करून घेतली अन् मग चपाती, तर चालंल का?" चालेल, म्हटलं. तवा घासून ठेवायचा, आधी त्याची. घरात ज्याला जास्त जपायचं त्याची आधी, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पण ज्या आजारावर धान्य हेच औषध आहे, त्याच्या रुग्णाला रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी का मिळू नये, याचं उत्तर मला कुठल्याही कागदात सापडलेलं नाही.

आजार लहान मुलांचाच, हाही गैरसमज. इंदूरला एका मराठी गृहस्थांना भेटले. सत्तेचाळिसाव्या वर्षी निदान झालेले. पोटाची तक्रार आयुष्यात कधी नव्हती. वर्षानुवर्षं रक्त कमी आणि थकवा, मग बाथरूममध्ये साधं घसरले तर मनगट मोडलं. हाडांची घनता म्हाताऱ्या माणसासारखी निघाली. त्यावरून शोधत शोधत डॉक्टर आतड्यापर्यंत पोचले. माळव्याच्या शरबती गव्हावर वाढलेला माणूस. आता फिरतीवर जाताना बॅगेत एक छोटा तवा, ज्वारीचं पीठ आणि छोटी शेगडी ठेवतात. "सकाळचे पोहे राहिले, हे काय कमी आहे?" असं म्हणाले आणि लगेच पुढे, "पण हिंग नसलेले." त्यांना रोगापेक्षा जास्त खुपतं ते फॅशनमधलं ग्लूटेन-फ्री. उपाहारगृहं मेन्यूवर ते शब्द छापतात आणि त्याच तेलात, त्याच झाऱ्यानं तळतात. कायद्यानं ग्लूटेन-फ्री म्हणजे किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. वजन कमी करायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्या विसाचं काही पडलेलं नसतं. यांना असतं.

लेक चौदा वर्षांची असताना तिच्या रक्तातली टीटीजी एकदम चढली. मी घर पिंजून काढलं, हिंगाची डबी बदलली, घरघंटी उघडली. दोन दिवसांनी तिनंच सांगितलं. क्लासच्या बाहेर मैत्रिणींबरोबर पाणीपुरी, पुरी रव्याची, आठवड्यातून दोनदा, पाच-सहा महिने. पोट दुखलं नव्हतं, जुलाब नाहीत, काहीच नाही. हेच या आजाराचं भय: वरून शांत, आत झीज. मी रागावले, फार रागावले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आई, मला एकदा कुणालाही न विचारता खायचं होतं."

माझ्याकडे यावर बोलायला काही नव्हतं. तिचं खाणं म्हणजे जन्मभर दुसऱ्याला प्रश्न विचारणं आहे. कशात तळलं? कशानं ढवळलं? आधी कुणाचं दळलं? आम्ही दोघींनी मिळून घरी तांदळाच्या पिठाच्या पुऱ्या करून पाहिल्या. अर्ध्या फुगल्या. क्लासच्या मैत्रिणींना बोलावलं आणि पिंपभर पाणी केलं. टीटीजी खाली यायला आठ महिने लागले.

आमच्या दिवाळीत आता करंजी आणि शंकरपाळी नसतात. अनारसे असतात, तांदूळ तीन दिवस भिजवून घरीच कुटलेले. बेसनाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा, भाजणी घरघंटीवर दळून केलेली चकली. शेजारच्या वहिनी गेल्या वर्षीपासून फराळाच्या डब्यात एक वेगळी पिशवी ठेवतात, वर चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेलं: नवं तेल, आपला हिंग. 'आपला' म्हणजे आमचा, तांदळाचा. मी त्यांना तसं करायला कधी सांगितलं नव्हतं.

या जूनमध्ये ती शिकायला दुसऱ्या गावी गेली. वसतिगृहाला मेस नव्हती, जवळच एक मावशी घरगुती डबे करतात. आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. साठ डबे, दोन मोठे तवे, परातभर कणीक, दोन मदतनीस बायका. मी नेहमीप्रमाणे पुढे होऊन बोलायला लागले. ग्लूटेन, आतडं, मिलिग्रॅम. मावशींनी हात पुसले, माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू सांग गं," त्या म्हणाल्या. "खाणारी तू आहेस. आधी काय करायचं?"

लेक ओट्याशी गेली. तिनं तव्यावर बोट फिरवलं, बोटाला लागलेलं पीठ उजेडात धरून बघितलं.

"मावशी, तुमच्याकडे रोज पहिली भाकरी कधी थापता?"

"पहाटे साडेपाचला. कणीक मळायच्या आधी."

"मग ती माझी," ती म्हणाली. "आणि तवा रात्रीच घासून ठेवायचा. घासायला मी येईन."